मेश बारीक केली तरी फ्लक्स डोलतोच? रेडिएशन ट्रान्सपोर्टच्या अ‍ॅडॅप्टिव्ह कोडचं समस्या निवारण

प्रोजेक्ट जमा करायचे दिवस जवळ आले की यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या कॉलेजांतल्या एम.एस्सी.च्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. तक्रार बहुतेक वेळा एकच : ‘सर, मेश बारीक करून करून थकलो, पण फ्लक्स काही जागेवर येऊन नाही राहिला.’ फ्लक्स म्हणजे एखाद्या जागी कणांची ये-जा किती ते. कोडही साधारण एकाच वळणाचा असतो. बोल्ट्झमनचं ट्रान्सपोर्ट समीकरण (पदार्थातून कण कसे जातात, आदळतात, शोषले जातात ते सांगणारं) घेतलेलं, दिशा मोजक्या संख्येत तोडलेल्या (हीच एस-एन पद्धत, एन जितका मोठा तितक्या दिशा जास्त), जागेचे सेल पाडलेले (हीच मेश), आणि जिथं चूक जास्त दिसेल तिथं सेल आपोआप बारीक व्हावेत म्हणून अ‍ॅडॅप्टिव्ह रिफाइनमेंट जोडलेली. पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश बाहेर कसा येतो हे काढताना चंद्रशेखर यांनी १९४० च्या दशकात दिशा अशाच तोडल्या होत्या. पुढच्या दशकात लॉस अलामॉसला बेंग्ट कार्लसन यांनी ती न्यूट्रॉनसाठी संगणकावर आणली. तेव्हा दोष पद्धतीवर ढकलून मोकळं होता येत नाही.

असे कोड वारंवार हाताखालून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. अ‍ॅडॅप्टिव्ह पद्धत तुम्ही मोजायला सांगितलेली चूकच कमी करते. तिला जागेची चूक मोजायला लावली आणि मूळ दोष दिशांमध्ये, इटरेशनमध्ये (तेच गणित पुन्हा पुन्हा करत उत्तराजवळ जाण्यात) किंवा एककांमध्ये असला, तर ती इमानेइतबारे चुकीचंच उत्तर अधिकाधिक नेमकं काढून देते. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या तपासण्यांना पाच-दहा मिनिटं लागतात आणि निम्म्याहून अधिक पोरांचं काम तिथंच होतं.

लक्षणं

यातलं कोणतं दिसतं ते आधी कागदावर लिहून घ्या. दोन-तीन एकदम दिसली तरी घाबरू नका, बऱ्याचदा मूळ एकच असतं.

- फ्लक्स काही सेलमध्ये निगेटिव्ह येतो, किंवा एक सेल वर, एक सेल खाली असा हेलकावतो.
- लहान उगमाभोवती ठरावीक दिशांनाच उजळ पट्टे दिसतात आणि मेश बारीक केली की ते आणखी ठळक होतात.
- कोड ‘कन्व्हर्ज झालं’ म्हणतो, पण टॉलरन्स (कुठं थांबायचं ती मर्यादा) दहापट कडक केला की उत्तर बदलतं.
- रिफाइनमेंट थांबतच नाही. सेल वाढत जातात, रॅम भरते, लॅपटॉप गोठतो.
- आकडा थेट ‘नॅन’ (ही संख्याच नाही) येतो.
- वीज गेल्यावर रन पुन्हा सुरू केला की रेसिड्यूअल (समीकरणात अजून न जुळलेला भाग) एकदम उडी मारतं.

१. आधी यंत्र आणि वीज

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडं पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप रात्रंदिवस पूर्ण जोरावर चालवला तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. त्यानं उत्तर चुकत नाही, पण रन संपत नाही म्हणून पोट्टे वैतागून टॉलरन्स ढिला करतात आणि तिथून खरी चूक सुरू होते. तपासायला सोपं आहे : प्रत्येक स्वीपला (सगळ्या दिशांनी सगळ्या सेलमधून एक फेरी) लागलेला वेळ लॉगमध्ये छापा. पहिल्या दहा स्वीपपेक्षा नंतरचे स्वीप सारखे जास्त वेळ घेत असतील आणि मेश तीच असेल, तर आधी पंखा आणि जाळी साफ करा, खाली दोन विटा ठेवून हवा खेळू द्या. कूलरच्या ओल्या झोताच्या तोंडी मात्र लॅपटॉप ठेवायचा नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर रन तिथंच बंद करायचा आणि दुरुस्तीवाल्याकडं जायचं. ती घरी उघडायची वस्तू नाही.

वीज जाणारच आहे हे गृहीत धरून चेकपॉइंट ठेवा. फाइल आधी तात्पुरत्या नावानं पूर्ण लिहायची आणि मगच नाव बदलायचं. जुन्याच फाइलवर लिहीत असताना लाइट गेली तर नवीही गेली आणि जुनीही. फ्लक्स, मेशची झाडरचना आणि इटरेशनचा क्रमांक हे तिन्ही एकाच फाइलमध्ये ठेवा. फ्लक्स एका फेरीचा आणि मेश पुढच्या फेरीची अशी जोडी लागली की वर सांगितलेली उडी येते.

रॅमचा हिशेब तर कागदावरच होतो. १०० गुणिले १०० गुणिले १०० सेल, एस-८ च्या त्रिमितीतल्या ८० दिशा, १० ऊर्जा-गट आणि प्रत्येक आकड्याला ८ बाइट धरले तर ६.४ जीबी झाले. सेलमागं चार अज्ञात असलेली लिनिअर पद्धत वापरली तर २५.६ जीबी. ८ जीबीच्या लॅपटॉपवर हे बसत नाही, आणि डिस्कवर सारखी अदलाबदल सुरू झाली की रन मेलाच म्हणून समजा. स्थिर अवस्थेचं गणित असेल आणि स्कॅटरिंग सर्व दिशांना सारखं असेल, तर प्रत्येक दिशेचा फ्लक्स साठवायची गरजच नसते. स्वीप करताना बेरीज करत जा आणि फक्त स्केलर फ्लक्स ठेवा. तोच हिशेब ८० एमबीवर येतो.

२. एककं आणि वेट्सची बेरीज

इथं फसलेला कोड बाहेरून अगदी सभ्य दिसतो. ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमासाठी पाण्याचा क्षीणन गुणांक सुमारे ०.०८६ प्रति सेंटीमीटर आहे. एक मीटर पाणी म्हणजे ८.६ मध्यमुक्तमार्ग (दोन टकरींमधली सरासरी अंतरं), आणि न आदळता पार होणारा भाग दहा हजारांत दोनच्या आसपास. इनपुटमध्ये जाडी ‘१’ लिहिली, मनात मीटर आणि कोडात सेंटीमीटर, तर जवळजवळ ९२ टक्के पार होतात. आलेख तेवढाच गुळगुळीत येतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

वेट्ससाठी (दिशांची बेरीज करताना प्रत्येक दिशेला दिलेला भार) एकच चाचणी करा. सगळीकडं एकच पदार्थ आणि दोन्ही कडा परावर्तक ठेवा. टोटल सिग्मा (एकक अंतरात कण आदळण्याचं प्रमाण) १, स्कॅटरिंग सिग्मा (त्यातलं नुसती दिशा बदलण्याचं, म्हणजे स्कॅटर होण्याचं प्रमाण) ०.५, उगम १. उत्तर उगम भागिले शोषण सिग्मा, म्हणजे सगळीकडं २ आलं पाहिजे. मेश कशीही असो, दिशा कितीही असोत, २ च. आता एकमितीय कोडात गाउस-लेजांद्रच्या वेट्सची बेरीज २ असते, म्हणून दिशेला वाटून द्यायचा उगम २ नं भागावा लागतो. ते भागणं राहिलं तर या चाचणीत फ्लक्स प्रत्येक इटरेशनला बरोबर २ नं वाढत जातो, कधीच थांबत नाही. त्रिमितीच्या पुस्तकातून ४ गुणिले पाय (π) उचलून २ च्या जागी टाकला तर उत्तर ०.१७ वर स्थिरावतं. हे आकडे लक्षात ठेवा, कोड न उघडता निदान होतं.

‘नॅन’ येत असेल तर आधी पोकळी बघा. तिथं टोटल सिग्मा शून्य असतो आणि कुठंतरी त्यानं भागलेलं असतं, बहुधा स्कॅटरिंग गुणोत्तर काढताना. याहून जास्त इथं सांगण्यासारखं नाही.

३. रीडचा पाच पट्ट्यांचा प्रश्न

१९७१ सालचा हा एकमितीय प्रश्न मी प्रत्येक कोडला लावतो. डावीकडून : ० ते २ शोषक, सिग्मा ५० आणि उगम ५०, २ ते ३ शोषक, सिग्मा ५, उगम नाही, ३ ते ५ पोकळी, ५ ते ६ सिग्मा १, त्यातलं ०.९ स्कॅटरिंग, उगम १. ६ ते ८ तोच पदार्थ, उगम नाही. डावी कड परावर्तक, उजवीकडून काही आत येत नाही.

यात दोन गोष्टी डोळ्यांनी कळतात. पहिल्या पट्ट्यात आतवर फ्लक्स १ असायला हवा. आणि पोकळीत तो पूर्ण सपाट हवा, कारण सपाट थरांच्या एकमितीय भूमितीत पोकळीतून जाताना कोणत्याही दिशेचा फ्लक्स बदलायला कारणच नसतं. पोकळीत उतार दिसला तर दोष थेट स्वीपच्या ओळींमध्ये आहे. रिफाइनमेंटला अजून हात लावायचा नाही.

यानंतर सहाव्या तपासणीपर्यंत अ‍ॅडॅप्टिव्हिटी बंद ठेवा. एकसारखी मेश, एक-एक बदल.

४. खोटं कन्व्हर्जन्स

‘कन्व्हर्ज तर झालं सर, दहा हजारांशाच्या आत आलं’ असं सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, कशाच्या आत? बहुतेक कोड लागोपाठच्या दोन इटरेशनमधला फरक बघून थांबतात. तो फरक म्हणजे चूक नव्हे.

सोर्स इटरेशनचा (आधीच्या फ्लक्सवरून स्कॅटरिंगचा उगम काढून पुन्हा स्वीप करणं) अर्थ समजून घेतला की हे आपोआप उलगडतं. शून्यापासून सुरुवात केली तर पहिल्या इटरेशनमध्ये एकदाही न आदळलेले कण मोजले जातात, दुसरीत जास्तीत जास्त एकदा स्कॅटर झालेले, तिसरीत दोनदा, असं. स्कॅटरिंग सिग्मा भागिले टोटल सिग्मा याला ‘सी’ म्हणूया. सी ०.९९ असेल तर जाड पदार्थात कण शोषला जाईपर्यंत सरासरी १०० वेळा आदळतो. मग वीस-पंचवीस इटरेशनमध्ये त्याची कहाणी संपणार कशी?

जाड पदार्थात चूक प्रत्येक इटरेशनला साधारण सी पटीनं घटते. दहा लाखांशापर्यंत उतरायला सी ०.५ असताना २० इटरेशन पुरतात, ०.९ ला १३१ लागतात, ०.९९ ला १,३७५ आणि ०.९९९ ला १३,८०० च्या वर. खरी चूक किती उरली याचा अंदाजही सोपा आहे : शेवटचा फरक गुणिले सी भागिले (१ वजा सी). सी ०.९९ असताना तो गुणक ९९ होतो. म्हणजे दहा हजारांशाचा फरक बघून थांबलात तेव्हा उत्तरात जवळजवळ एक टक्का चूक शिल्लक होती. तुमच्या रचनेत गळती असेल तर वेग यापेक्षा बरा असतो, म्हणून सी च्या जागी लागोपाठच्या दोन फरकांचं गुणोत्तर मोजून वापरा. दोन ओळींचं काम आहे.

अ‍ॅडॅप्टिव्ह कोडसाठी याचं महत्त्व दुप्पट, कारण एरर एस्टिमेटर (चूक कुठं किती याचा अंदाज काढणारा भाग) हाच अर्धवट फ्लक्स बघून सेल निवडतो. न संपलेल्या इटरेशनची चूक त्याला जागेची चूक वाटते. मी इटरेशनची चूक मेशच्या लक्ष्य-चुकीच्या दहाव्या हिश्श्यावर आणूनच रिफाइन करायला देतो. त्याहून खाली उतरण्यात, विशेषतः सुरुवातीच्या जाड मेशवर, वेळ फुकट जातो.

सी एकाच्या जवळ असेल तर डीएसए, म्हणजे डिफ्यूजनच्या समीकरणानं वेग वाढवणं, हाच रास्त मार्ग आहे. सोर्स इटरेशन ज्या चुकीला दाद देत नाही ती संथ बदलणारी आणि सर्व दिशांना जवळपास सारखी असते, आणि डिफ्यूजनचं समीकरण नेमकी तीच चूक पकडतं. आदर्श स्थितीत प्रत्येक फेरीला चूक ०.२३ पटीच्या खाली येते. दहा लाखांशाला दहाएक फेऱ्या. पण डिफ्यूजनचं डिस्क्रिटायझेशन ट्रान्सपोर्टच्या डिस्क्रिटायझेशनशी जुळणारं हवं. कुठून तरी उचललेलं डिफ्यूजन सॉल्व्हर चिकटवलं तर जाड सेलवर ते उलट भडकतं. सुसंगत रूप आल्कूफ यांनी १९७७ मध्ये मांडलं ते याचसाठी. दोन-तीन मितींत, शेजारशेजारच्या पदार्थांत फार तफावत असेल तर सुसंगत डीएसएही मंदावतं. तिथं ते जीएमआरईएसला (समीकरणांचा मोठा संच सोडवायची एक पद्धत) प्रीकंडिशनर, म्हणजे काम हलकं करणारी आधीची पायरी, म्हणून द्या. पायथनच्या सायपायमध्ये जीएमआरईएस तयार मिळतं.

५. दिशांचा दोष : पट्टे

सगळ्यात जास्त पोरं इथं अडकतात.

द्विमितीत एक लहानसा उगम, भोवती शोषक किंवा पोकळी. चित्र काढलं की उगमापासून ठरावीक दिशांना उजळ पट्टे आणि मधे अंधार. याला रे इफेक्ट म्हणतात; लॅथ्रॉप यांनी १९६८ मध्ये याची नीट चिकित्सा केली. एस-४ ला द्विमितीत फक्त १२ दिशा असतात. कण त्या १२ दिशांनीच जाऊ शकतात, मधल्या कोनांत जायला वाटच नाही. बंडीच्या चाकाचे आरे आठवा : तुंब्याजवळ ते एकमेकांना खेटून असतात आणि धावेकडं जाताना मधली जागा वाढत जाते. म्हणून उगमाजवळ सगळं ठीक दिसतं आणि तुमचा डिटेक्टर जितका लांब तितका तो पट्ट्यात सापडला की अंधारात, यावर आकडा ठरतो.

आता यावर अ‍ॅडॅप्टिव्ह मेश लावली की काय होतं ते बघा. पट्ट्याच्या कडेला फ्लक्स एकदम पडतो. एस्टिमेटरला तिथं मोठी चूक दिसते. तो तिथले सेल चौपट करतो. कड आणखी तीक्ष्ण होते, एस्टिमेटर आणखी ओरडतो. शेवटी सगळी रॅम त्या खोट्या कडांवर खर्च झालेली असते आणि मेशचं चित्र पाहिलं तर बारीक सेल उगमापासून सरळ रेषांत निघालेले दिसतात. मेश अशी रेषांनी पसरलेली दिसली की मी कोड वाचायच्या भानगडीत पडत नाही, दिशांची संख्या विचारतो.

खात्री करायला एस-४ चं एस-८ करा. पट्ट्यांच्या जागा हलल्या, संख्या वाढली, तर निदान पक्कं. खरी सावली दिशा वाढवल्यानं जागा बदलत नाही.

उपाय, खर्चाच्या क्रमानं. एक, दिशा वाढवा. पण त्रिमितीत लेव्हल-सिमेट्रिक (तिन्ही अक्षांना सारखं वागवणाऱ्या) संचाच्या दिशा एन गुणिले (एन अधिक २) अशा वाढतात, एस-१६ ला २८८ होतात, आणि एस-२० च्या पुढं या संचाचे काही वेट्स निगेटिव्ह होतात. त्यामुळं फार वर जायचं असेल तर दुसरा संच घ्या. दोन, फर्स्ट-कोलिजन सोर्स. उगमापासून न आदळता येणारा भाग किरणमार्गावरून नेमका काढा आणि त्याची पहिली टक्कर जिथं होते तो एस-एन कोडाचा नवा उगम माना. लहान उगमाच्या प्रश्नात माझा पहिला हात याच्याकडं जातो. थोड्या श्रमात सगळ्यात जास्त फरक इथं पडतो. एक खाच आहे. द्विमितीय कोडातला ‘बिंदू’ खरं तर अनंत लांबीची रेषा असते, त्यामुळं अंतराच्या वर्गाचा व्यस्त नियम तिथं जसाच्या तसा लागत नाही. तीन, कोनातली अ‍ॅडॅप्टिव्हिटी, म्हणजे गरज असेल तिथंच दिशा वाढवणं. कल्पना सुंदर आहे, पण शेजारच्या दोन सेलमध्ये दिशांचे संच वेगळे झाले की कण हरवू न देता एकातून दुसऱ्यात नेणं हे एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचं काम नाही. पीएच.डी.चा विषय आहे तो.

६. आता जागेची पाळी

इथवर सगळं स्वच्छ निघालं तरच मेशवर संशय घ्या. आधी पुरावा : एकसारख्या तीन मेश घ्या, प्रत्येक वेळी सेल निम्मा करा, आणि एखाद्या एकूण आकड्याकडं (उदाहरणार्थ उजव्या कडेची गळती) बघा. डायमंड डिफरन्समध्ये (सेलमधला फ्लक्स दोन्ही कडांची सरासरी मानणारी पद्धत) लागोपाठच्या दोन बदलांचं गुणोत्तर साधारण ४ यायला हवं, स्टेप पद्धतीत (बाहेर पडणारा फ्लक्स सेलमधल्याइतकाच मानणारी) २. गुणोत्तर एकाच्या आसपास घुटमळत असेल तर तुम्ही अजून चौथ्या किंवा पाचव्या तपासणीतच अडकलेले आहात. परत जा.

निगेटिव्ह फ्लक्स बहुतेक वेळा डायमंड डिफरन्सचा असतो. सेलची जाडी गुणिले सिग्मा भागिले म्यू (कणाच्या दिशेनं अक्षाशी केलेल्या कोनाचा कोसाइन) याला टाऊ म्हणू. उगम नसेल तर सेलमधून बाहेर पडणारा फ्लक्स हा आत आलेल्याच्या (१ वजा टाऊचा अर्धा) भागिले (१ अधिक टाऊचा अर्धा) इतका येतो. टाऊ २ च्या वर गेला की हा आकडा निगेटिव्ह. रीडच्या पहिल्या पट्ट्यात सिग्मा ५० आहे, सेल ०.१ चा आणि एस-८ ची सगळ्यात तिरकी दिशा, म्यू ०.१८३, घेतली तर टाऊ २७ च्या वर जातो आणि गुणक वजा ०.८६ येतो. म्हणजे उजवीकडून आत येणाऱ्या फ्लक्सचा समतोलापासूनचा फरक पहिल्याच सेलमध्ये विरून जायला हवा, तो चिन्ह बदलत बदलत दहा सेलनंतरही २३ टक्के शिल्लक असतो. वर-खाली हेलकाव्याचं मूळ हेच.

टाऊ २ च्या खाली आणायचा तर सेल ०.००७३ चा लागतो. पूर्ण ८ लांबीला तसेच सेल लावले तर अकराशेच्या आसपास होतात. एका मितीत त्याचं कुणाला काही वाटणार नाही. तीन मितींत त्याचा घन होतो, एक अब्जाच्या वर. आणि पोकळीला तर खरं म्हणजे एक सेलसुद्धा पुरतो. अ‍ॅडॅप्टिव्ह मेशची कमाई इथं आहे, पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्यामधल्या सीमेला चिकटलेल्या पातळ थरात.

दुसरा मार्ग पद्धत बदलण्याचा. लिनिअर डिस्कंटिन्युअस पद्धत (सेलच्या आत फ्लक्स सरळ रेषेत बदलतो आणि सेलच्या सीमेवर तुटू शकतो असं मानणारी), जिचं मूळ रीड आणि हिल यांच्या १९७३ च्या न्यूट्रॉन ट्रान्सपोर्टवरच्या कामात आहे, तिचा गुणक त्याच सेलमध्ये वजा ०.०६ च्या आत येतो. निगेटिव्ह आहेच, पण दोन सेलमध्ये विरतो. सेलमागं अज्ञात वाढतात, तरी मी डोळे झाकून हीच सुचवतो. स्टेप पद्धत कधीच निगेटिव्ह देत नाही म्हणून काहींना ती आवडते. जाड, जवळजवळ सगळं स्कॅटरिंग असलेल्या पदार्थात ती कन्व्हर्ज होऊनही साफ चुकीचं उत्तर देते. अशा जाड मर्यादेत कोणती पद्धत टिकते याचं गणित लार्सन, मोरेल आणि मिलर यांनी १९८७ मध्ये मांडलंय. निगेटिव्ह दिसला की शून्य करणारा ‘फिक्सअप’ही जपून वापरा. त्यानं स्वीप नॉनलिनिअर होतो, डीएसएशी सुसंगती बिघडते, आणि वरची ४ च्या गुणोत्तराची चाचणीही बोलेनाशी होते.

७. रिफाइनमेंटचं तर्कशास्त्र

शेवटी खुद्द अ‍ॅडॅप्टिव्ह भाग. न थांबणाऱ्या रिफाइनमेंटची कारणं तीन-चारच असतात.

एस्टिमेटर नुसती उडी किंवा उतार बघत असेल तर तो कधीच समाधानी होत नाही. शोषकामागच्या खऱ्या सावलीच्या कडेला कोनीय फ्लक्स मुळातच तुटक असतो, सेल कितीही लहान करा, उडी तेवढीच राहते. उडीला सेलच्या आकारमानानं गुणा, आणि पातळ्यांना वरची मर्यादा घाला. सेल बारीक-जाड-बारीक असा फिरत राहत असेल तर जाड करायची मर्यादा बारीक करायच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर ठेवा. शेजारच्या सेलमध्ये एकाहून जास्त पातळीचा फरक पडू देऊ नका. फरक वाढला की सीमेवर कणांची बेरीज जुळवणं अवघड होतं, आणि रिफाइन करताना फ्लक्स नव्या सेलमध्ये टाकल्यावर एकूण बेरीज तीच आहे का हे दर वेळी छापून बघा.

याहून मोठा प्रश्न : तुम्हाला काय हवंय? फक्त एका डिटेक्टरचा आकडा हवा असेल तर सगळीकडची चूक कमी करण्यात अर्थ नाही. अ‍ॅडजॉइंट सोडवा. त्याच कोडात दिशा उलट्या, ऊर्जा-गटांचं स्कॅटरिंग मॅट्रिक्स ट्रान्सपोज, आणि उगमाच्या जागी डिटेक्टरची संवेदनशीलता. आलेला फ्लक्स सांगतो की कोणत्या सेलमधला कण डिटेक्टरला किती भोवतो. रेसिड्यूअलला त्यानं गुणून सेल निवडा. डिटेक्टरशी संबंध नसलेले कोपरे आपोआप जाड राहतात. वर एक चाचणीही फुकट मिळते : फ्लक्स गुणिले संवेदनशीलता यांची बेरीज आणि अ‍ॅडजॉइंट गुणिले उगम यांची बेरीज सारखी यायला हवी. त्यात मेश बारीक केल्यावरही फरक उरला तर दोन्हीपैकी एका स्वीपमध्ये घोळ आहे.

तरी शंका राहिलीच तर एकमितीय प्रश्नासाठी छोटासा मॉन्टे कार्लो (यादृच्छिक आकड्यांनी एकेक कण चालवून मोजणारा कोड) स्वतः लिहा, त्रिमितीला ओपनएमसी हा तयार कोड फुकट आहे. मॉन्टे कार्लोत रे इफेक्ट नसतो, त्यामुळं साक्षीदार स्वतंत्र मिळतो. एक टक्क्याची अचूकता हवी तर डिटेक्टरमध्ये दहा हजार कण मोजले गेले पाहिजेत हे मात्र धरून चाला. पोकळी असलेल्या त्रिमितीय रचनेसाठी ओईसीडीच्या अणुऊर्जा संस्थेनं २००० साली प्रसिद्ध केलेले कोबायाशी बेंचमार्क (पडताळणीचे ठरलेले प्रश्न) वापरा.

इथं थांबा, जाणकाराला बोलवा

डीएसए बारीक-जाड सेलच्या सीमांवर भडकतंय आणि अ‍ॅडॅप्टिव्हिटी बंद केली की शांत होतंय, हे दिसलं की स्वतः ओळी बदलत बसू नका. हे न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिस करणाऱ्या माणसाचं काम आहे. गाइडमार्फत अशा विभागाशी बोला. अनियमित मेशवर सेलचे स्वीप-क्रम गोल फिरून स्वतःवरच येत असतील तेव्हाही तेच. आणि काटकसर करूनही रॅमचा हिशेब बसत नसेल तर लॅपटॉपला छळू नका, राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशनच्या परम यंत्रांवर वेळ मागायचा अर्ज गाइडकरवी करा.

दुसरी गोष्ट जास्त कडक आहे. तालुक्याच्या एखाद्या दवाखान्यात एक्स-रे खोली व्हायची असते, कुणाला तरी कळतं की पोरगा रेडिएशनचा कोड लिहितो, आणि भिंत किती जाड ठेवायची हे त्याला विचारलं जातं. उत्तर द्यायचं नाही. आकडा बरोबर वाटत असला तरी नाही. भारतात हे २००४ च्या अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियमांखाली आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीनं होतं, आणि त्यासाठी पात्र व्यक्ती ठरलेल्या असतात. मालकाला तिकडं पाठवा. प्रोजेक्टच्या अहवालातही ‘प्रत्यक्ष शील्डिंगसाठी वापरू नये’ ही ओळ पहिल्याच पानावर टाका.

मदत मागताना पूर्ण कोड पाठवू नका, कुणी वाचत नाही. दुसऱ्या तपासणीतला अनंत माध्यमाचा आकडा, रीडच्या प्रश्नाचा आलेख, लागोपाठच्या फरकांचं गुणोत्तर, एस-४ आणि एस-८ ची शेजारी शेजारी चित्रं आणि शेवटच्या मेशचं चित्र, एवढं पाठवा. ज्याला कळतं तो यावरूनच कोणती फाइल उघडायची ते सांगेल.